पासंग

सूतगिरणीच्या काट्यावर एकतीस वर्षं काढली.
माल चढवण्याआधी रिकामी पारडी बघायची,
एखादं झुकत असेल तर दुसऱ्याला
वाळूची पुरचुंडी बांधायची, हे हाताला पाठ.
आता अक्कलकोट रोडचा तो फॉर्म
आठ दिवस चादरीच्या घडीत पडलाय
आणि पारडी काही समोर येत नाहीत.

रविवारी जाऊन आलो. शिवशरणप्पा बिराजदारानं
फिरवून दाखवलं. आमच्या गिरणीतला जॉबर,
आता पांढऱ्या बुटात, दाढी रोजच्या रोज.
न्हाणीत भिंतीला स्टीलचा दांडा,
उशाशी लाल बटण,
डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी,
आणि नळ. कधीही सोडा, पाणी.
मी तीनदा सोडून पाहिला.
तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बास की आता."
सोलापुरात जन्म काढलेल्या माणसाला
सही करायला एवढं एकच पुरे.

जेवणात कडक भाकरी होती, कुस्करून, भिजवून.
कुणीतरी दातांचा विचार केला होता.
शेंगाचटणी मात्र बेताची,
खाल्ली की नाही हे आठवावं लागलं.

साठ घरं. सगळ्यांचे केस एकाच रंगाचे.
बाकं भरपूर, पण चेंडू आत गेला म्हणून
कंपाउंडावरून कुणी ओरडत नाही.
मागच्या महिन्यात सात नंबरचे गेले,
तर कॅरमला चौथा गडी
त्याच संध्याकाळी मिळाला.
बिराजदारानं हे सोय म्हणून सांगितलं.
मीही सोय म्हणूनच ऐकलं.

नीलवेणी फोनवर म्हणते, नाना, नीट हिशेब करा.
केला.
मार्गशीर्षात मोरीत घसरलो ते पहिलं लिहिलं.
पहाटे पाच ते आठ, गार फरशीवर, हाका मारत.
दोन्ही बाजूंच्या शेडमध्ये माग चालू,
त्या खडखडाटात माझी हाक
कुणाच्या लक्षात न आलेला तुटका धागा.
दूधवाल्या महिबूबनं दार ढकललं म्हणून आज लिहितोय.
आणि तोच खडखडाट बंद असला
की सुट्टीच्या रात्री मला झोप येत नाही.
आता हा आवाज कुठल्या बाजूला टाकू?

लेकीला त्रास नको, हे मी कुठंच लिहिलं नाही.
ते आधीपासूनच
पारड्याच्या तळाशी चिकटलेलं आहे.

काल पाण्याची पाळी. पाचवा दिवस, रात्री अडीच.
लुंग्या, खोचलेले पदर, पाइप,
कुणाची मोटर जास्त ओढते यावर भांडण.
नरसव्वा चिलवेरीनं नेहमीसारखी
तांब्यानं माझी कडी वाजवली.
जिथं पाणी चोवीस तास,
तिथं अडीचला कोण कुणाला उठवणार?
असं मनात आलं. मला ते फार आवडलं,
म्हणून लगेच त्याचं वजन अर्धं केलं.
आवडलेल्या मालाला काटा नेहमी जास्त दाखवतो.

"जाणार म्हणं तुमी?" तिनं विचारलं.
"बघतोय."
तिनं माझ्या घागरीतला पाइप काढून
आपल्या हंड्यात घातला.
थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज.
"जायचं ठरलं, तर ते निळं पिंप
दुसऱ्या कुणाला बोलू नका."

नाही बोलणार, म्हणालो.
कडी लावून आत आलो. दिवा तसाच.
फॉर्म काढला, घडी मोडली, परत घातली,
आणि उजाडेपर्यंत बसून राहिलो
यादीत नसलेलं ते वजन घेऊन,
दोनशे लिटरचं, काठोकाठ.